यंदा कढई नाही, म्हणून भट्टी

पहिला ट्रे ओव्हनमधनं बाहेर काढला तेव्हा त्यात १६ नानकटाया नव्हत्या, एकच होती. ट्रेच्या मापाची, चौकोनी, कडेला काळी आणि मधी पिवळी. पोरगी येऊन बघून गेली आणि म्हणली पप्पा या नकाशात हे खाली कोकण आहे का. बायको काहीच बोलली नाही, ती फ्रीजमधनं पाण्याची बाटली काढून परत हॉलमध्ये गेली, आणि तिचं ते न बोलणंच जास्त लागलं.

तर हे २०२५ च्या १९ ऑक्टोबरचं, रविवारचं. गुरुवारी २३ तारखेला भाऊबीज, घरात वीस-बावीस माणसं जेवायला, आणि गोडाचं सगळं मी करतो असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलेलो. मी एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, स्वैपाकात माझी मजल चहा, मॅगी आणि रविवारचं ऑम्लेट एवढीच (ते पण आईच्या समोर नाही, आमच्यात अंडं बाल्कनीत खायचं असतं). मग हे डोक्यात आलं कुठनं ते सांगतो.

कोजागरीला आम्ही तुळजापूरला चालत जातो. सोलापुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको, रूपाभवानीच्या देवळापासनं निघायचं आणि रात्रभर चालायचं, ४५ किलोमीटरच्या आसपास पडतं, रस्ताभर माणूसच माणूस, गाड्या बंद, ठिकठिकाणी चहा, उपीट, केळी, कुणी तर पायाला तेल लावून द्यायला बसलेलं असतं. यंदा ६ तारखेला होती कोजागरी. माझ्याबरोबर आतेभाऊ होता. तो मोहोळ तालुक्यातला, सीना नदीकाठचा, आणि सप्टेंबरात सीनेच्या पुरानं काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच आहे, लांबोटीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा पुण्याची वाहतूक थांबवली होती. आत्याच्या घरात मांडीएवढं पाणी होतं. माणसं आधीच वर पाहुण्यांकडं गेली होती म्हणून ठीक, पण खालचं धान्य, गाद्या, देवघराखालचं कपाट, सगळं गाळात. शेताचं तर तो बोललाच नाही, मी पण विचारलं नाही.

मध्यरात्र उलटून गेल्यावर कधीतरी आम्ही एका मंडपात मसाला दूध प्यायला थांबलो तेव्हा तो सहज म्हणला, "आई म्हणती यंदा आमच्यात कढई चढवायची नाही."

कढई चढवायची नाही म्हणजे तळण नाही. घरात कुणी गेलं की त्या वर्षी आपल्यात तळण करत नाहीत, बाकीचे लोक फराळ आणून देतात. इथं गेलं कुणी नव्हतं, पण आत्याच्या लेखी शेत गेलं म्हणजे घरातलंच कुणीतरी गेलं. मी म्हणलं मग भाऊबीजेला तुम्ही सगळे आमच्याकडं या की. तर तो म्हणला, "तिला तुमच्यात पण तळलेलं गोड नको वाटतंय बे. ती म्हणती, मी येईन, पण माझ्यासाठी कढई ठेवू नका."

आता भाऊबीजेचं जेवण आणि तळण नाही म्हणजे काय करायचं? करंजी गेली, शंकरपाळे गेले, चकली गेली, अनारसे गेले, चिरोटे गेले, बालुशाही गेली, गुलाबजाम तर गेलाच. साधी पुरी गेली. पुढं चालताना मी मनातल्या मनात यादी करत होतो आणि एक एक खोडत होतो, आणि पाय एवढे दुखत होते की विचार करायला तेवढंच बरं होतं. तुळजापूर यायच्या आधी डोक्यात आलं, नानकटाई. भट्टीची. तिला कढई लागत नाही.

मला कुणीतरी म्हणतंच की दिवाळीत बेकिंग कसलं, ते नाताळचं, ओव्हन काय आपल्या परंपरेतला आहे का. त्यांचं बालपण वेगळ्या गावात गेलेलं असणार. आमच्या भवानी पेठेत दिवाळीच्या आठवड्यात घरातलं निम्मं फराळाचं काम घराबाहेर, बेकरीच्या भट्टीवर व्हायचं. घरात ओव्हन कुणाच्यातच नव्हता, पण भट्टी सगळ्यांची होती. मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलदोडे, सगळं आपल्या घरनं न्यायचं, किलोवर मजुरी द्यायची, आणि येताना पत्र्याचा डबा भरून बिस्किटं आणि नानकटाई घेऊन यायची. अव्वा, म्हणजे माझी आजी, वडलांची आई, तिचं माहेर अक्कलकोटकडचं, निम्मं बोलणं कानडीत. बेकरीचं तयार काही ती तोंडात घालायची नाही, कारण बेकरीत अंडं असतं. पण सामान आपलं, हात आपले, आणि भट्टीवाल्याची फक्त आग, असं असलं की तिला चालायचं. आगीला काही शिवत नाही, असं तिचं म्हणणं.

मी तिच्याबरोबर जायचो, कारण एवढा मोठा डबा धरायला कुणीतरी पाहिजे. संध्याकाळी पाचला नंबर लावला तरी रात्री दहा वाजायचे. आत पिवळा बल्ब, उघड्या अंगाची माणसं, आणि ओट्याच्या त्या बाजूला भट्टीचं तोंड. आधी पावाचा घाणा व्हायचा. भट्टी विटांची, लाकडं आतच जाळायची, मग निखारा कडेला ओढून फरशी पुसून घ्यायची, आणि त्या तापलेल्या विटांवरच सगळं भाजायचं. सुरवातीच्या कडक आचेवर पाव, मग उष्णता जरा खाली बसली की खारी आणि बिस्किटं, आणि नानकटाई सगळ्यात शेवटी, कारण तिला मंद आच लागते. म्हणून आमचा नंबर कितीही आधी लावला तरी रात्रच व्हायची. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, मला वाटायचं भट्टीवाला मुद्दाम आम्हाला थांबवतो.

बायका तिथंच ओट्यावर बसून परातीत तूप फेसायच्या. अव्वा डालडा वापरायची नाही, घरचं तूप न्यायची, आणि त्यावरनं बाकीच्या बायका तिला बोलायच्या, तुमचं काय बाई, तुमच्यात म्हशी आहेत. म्हशी नव्हत्या. ती वर्षभर साय साठवायची. तळहाताची टाच परातीवर गोल गोल, एकाच दिशेनं, तूप पांढरं पडेपर्यंत.

आणि ठसा. हे मला सगळ्यात जास्त आठवतंय. भट्टीवर एकावेळी दहा घरांचे पत्रे आत जाणार, बाहेर येणार, कुणाची नानकटाई कुणाच्या डब्यात जाईल सांगता येत नाही. पत्र्यावर खडूनं नाव लिहिलं तरी ते पुसून जायचं. मग प्रत्येकीची खूण असायची. कुणी चारोळी लावायची, कुणी काट्याचमच्यानं फुली, कुणी अंगठा दाबायची. अव्वाकडं लाकडी कांडी होती, मागातली, सूत गुंडाळायची, आजोबांनी मिलमधनं आणलेली. आजोबा आधी जुन्या मिलला होते, १८७७ साली सुरू झालेली ती, आणि ती बंद पडल्यावर दुसऱ्या मिलला. कांडीचं बूड दाबलं की नानकटाईवर एक गोल आणि त्या गोलाच्या मधी एक बारका टिंब उठायचा. भाजल्यावर बाजूनं भेगा पडायच्या, पण तो गोल तसाच राहायचा. दहा पत्र्यांतनं आमचा पत्रा मी लांबनं ओळखायचो. शाळेत डब्यात नानकटाई नेली की पोरं म्हणायची, तुझ्या बिस्किटाला डोळा आहे बे.

ती भट्टी आता नाही, तिथं मोबाईलचं दुकान आहे. शहरात लाकडाच्या भट्ट्या अजून चालतात म्हणे, पण आम्ही आता जुळे सोलापुरात राहतो आणि घरात ओव्हन आहे, कोविडात घेतलेला, तेव्हा दोनदा केक केला आणि मग तीन वर्षं त्यात तवे ठेवले.

परत रविवारच्या त्या नकाशावर येतो. प्रमाण मी बरोबर घेतलं होतं, आईनं सांगितलेलं. मैदा २ वाट्या, बेसन अर्धी वाटी, बारीक रवा पाव वाटी, पिठीसाखर १ वाटी, तूप १ वाटी, पाव चमचा खायचा सोडा, एक चमचा दही, चिमूट मीठ, वेलदोडा आणि जायफळ. चुकलं कुठं तर तुपात. आपल्याकडचा ऑक्टोबर म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय, पाऊस गेला की परत उन्हाळा आल्यासारखं, आणि तुपाचा डबा स्वैपाकघरात गॅसच्या शेजारी. तूप निम्मं पातळ. मी म्हणलं बरंच झालं, फेसायला सोपं. फेसलं म्हणजे चमच्यानं दोन मिनिटं ढवळलं, पीठ घातलं, गोळा झाला, गोळे केले, आत ठेवले. पंधरा मिनिटांत सगळे गोळे एकमेकांच्या गळ्यात पडले.

आई संध्याकाळी देवळातनं आली, ट्रे बघितला, एक तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणली, "चव आहे की. तूप फेसलंच नाहीस तू." मग तिनं जे सांगितलं आणि मी नंतर जे वाचलं ते दोन्ही जुळवून मला समजलं ते असं. तूप घट्ट आणि रवाळ असताना फेसलं तर त्यात हवा धरून राहते, ती हवा आणि सोड्याचा वायू मिळून नानकटाई फुलते आणि वर भेगा पडतात. पातळ तूप हवा धरत नाही, ते नुसतं पिठात मुरतं आणि गरम झालं की पसरतं. आणि लोणी का नाही, तूपच का, तर लोण्यात पाणी असतं, साधारण १६ टक्के, आणि मैद्याला पाणी मिळालं आणि वर मळलं की तो चिवट होतो. तुपात पाणी नाही म्हणून नानकटाई वाळूसारखी विरघळते. बेसनाचं पण तेच, त्याला मैद्यासारखा चिवटपणा येतच नाही, त्यामुळं खुसखुशीत. रवा फक्त दाताला लागायला. म्हणजे अव्वानं शाळेचं तोंड बघितलेलं नसलं तरी या सगळ्या गोष्टी तिच्या तळहाताच्या टाचेला माहिती होत्या.

सोमवारी नरकचतुर्दशी, पहाटे उठून आंघोळी, त्या दिवशी काही केलं नाही. मंगळवारी लक्ष्मीपूजन, कारखान्यात वहीपूजन, बत्तासे-लाह्या घेऊन घरी यायला रात्र. बुधवारी पाडव्याला मी सकाळी सहालाच तूप फ्रीजमध्ये ठेवलं. वीस मिनिटं. दगड करायचं नाही, बोट दाबलं की खड्डा पडला पाहिजे एवढंच. मग परातीत घेतलं आणि बसलो फेसायला. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही, पिवळं तूप पिवळंच, हात दुखायला लागतो आणि वाटतं मिक्सर लावावा. आई शेजारी शेंगा निवडत बसलेली, ती म्हणली मिक्सरनं गरम होतं, परत वितळतं. सातव्या-आठव्या मिनिटाला कडेचा रंग जरा उतरला. मग बघता बघता सगळंच फिकट व्हायला लागलं, आधी लोण्यासारखं, मग खडूसारखं, आणि परातीत पसरलेलं एवढंसं तूप फुगून दुप्पट दिसायला लागलं, तळहाताला लागेना, हलकं, दाढीच्या फेसासारखं. पिठीसाखर घातल्यावर आणखी दहा मिनिटं. घड्याळ लावून सांगतो, एकूण २२ मिनिटं लागली, आणि उजवा खांदा शुक्रवारपर्यंत दुखत होता.

मैदा, बेसन, रवा, सोडा चाळून एकत्र करून वरनं घातलं आणि मळलं नाही, नुसतं बोटांच्या टोकांनी गोळा करून घेतलं. गोळे लिंबाएवढे, हलके चपटे, मधी दोन बोटं जागा सोडून. आता ठसा. कांडी शोधली, माळा धुंडाळला, अव्वाची जुनी ट्रंक उघडली, नाही सापडली. आई म्हणली कुणी नेली काय माहिती, अव्वा गेल्यावर सगळ्यांनी एकेक वस्तू नेली. शेवटी औषधाच्या बाटलीचं झाकण सापडलं, प्लॅस्टिकचं, बऱ्यापैकी मापाचं, गरम पाण्यात उकळून घेतलं आणि त्याचा गोल दाबला, मधी काडीपेटीच्या काडीच्या उलट्या टोकानं टिंब. डोळा झाला.

ओव्हन १६० डिग्रीवर दहा मिनिटं आधी तापवला, ट्रे मधल्या फळीवर, वेळ २० मिनिटं. घरच्या ओव्हनची गंमत अशी की त्याच्या दांड्या वर-खाली लाल होतात, भट्टीसारखी चहूबाजूंनी संथ उष्णता नाही, त्यामुळं बूड आधी लाल होतं. दुसऱ्या ट्रेपासनं मी खालची दांडी शेवटच्या पाच मिनिटांत बंद केली आणि ते बरोबर जमलं. एक सांगून ठेवतो, बाहेर काढल्यावर नानकटाई मऊच लागते. कच्ची वाटून परत आत ढकलू नका, मी ढकलली, सोळाच्या सोळा दगड झाल्या. गार होऊ द्यायची. गार झाली की ती आपोआप कडक होते, तोवर ट्रेला हात लावायचा नाही. पोरीला हे शेवटपर्यंत पटलं नाही.

तीन घाणे, सात ट्रे, जवळजवळ शंभर नानकटाया. तो दगडाचा ट्रे सोडून.

मधी एक उद्योग केला तो पण सांगतो, लपवून काय करायचं. करंजी ओव्हनमध्ये भाजून बघितली. आमच्या आईनं सारण करून ठेवलेलं होतं आधीच, खोबऱ्याचं. वरनं तूप लावून १७० वर ठेवली. दिसायला झकास, सोनेरी, फोटो पण काढला. खाल्ली तर पारीचा चामड्याचा पट्टा. तळताना पारीत तूप शिरतं आणि पापुद्रा सुटतो, भाजताना ती नुसतीच वाळते. फेसबुकवर बायका दाखवतात बेक्ड करंजी, डाएटवाली, त्या खातात का नंतर ते कॅमेऱ्यात दिसत नाही. काही पदार्थ तळायचेच असतात, तिथं शहाणपणा करू नये, नसंल तळायचं तर दुसरं करावं.

दुसरं म्हणजे शेंगापोळी. ती पण भाजायचीच, तव्यावर. शेंगा म्हणजे शेंगदाणे, हे सोलापूरच्या बाहेर सांगावं लागतं, पुण्यात एकदा ऑफिसात शेंगापोळी म्हणलं तर एकीनं विचारलं शेवग्याची का. अव्वा तिला शेंगा होळगी म्हणायची. ही आईनं केली, मी फक्त हाताखाली, कारण लाटायला मला येत नाही आणि चारच्या पुढं पोळ्या फुटल्या की आई लाटणं हातातनं काढून घेते.

शेंगा मंद गॅसवर भाजायच्या, आणि इथं घाई केली की संपलं, बाहेरनं काळ्या आणि आतनं कच्च्या राहतात. गार झाल्या की चोळून सुपात पाखडून टरफल उडवायचं. सूप आता कुणाच्यात आहे, आम्ही बाल्कनीत टेबलफॅन लावला, आणि खालच्या काकूंनी वर बघून विचारलं काय पाडलालास बे. मग कूट. मिक्सर एकसलग फिरवायचा नाही, थांबत थांबत, कारण शेंगांना तेल सुटलं की सारणाचा लगदा होतो आणि लाटताना पोळीच्या बाहेर येतो. कूट एक वाटी तर किसलेला गूळ पाऊण, भाजलेले तीळ दोन चमचे, थोडी खसखस, वेलदोडा. गूळ घालून परत एकदा फिरवलं की हातात मुठीत धरून लाडू वळंल असं झालं पाहिजे. कणकेत थोडा मैदा आणि गरम तेलाचं मोहन, घट्ट भिजवून तासभर झाकून. उंडा भरायचा, पातळ लाटायची, कडेपर्यंत सारण गेलं पाहिजे, कड नुसत्या कणकेची राहिली तर आत्या ती मोडून ताटाच्या बाजूला ठेवते आणि बोलत काही नाही. तव्यावर गुळ बाहेर आला तर लगेच फडक्यानं पुसून घ्यायचा, नाहीतर तो जळतो आणि पुढच्या सगळ्या पोळ्यांना करपट वास. आठ-दहा दिवस टिकते, प्रवासाला नेतात, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. वर तूप. ज्याला जमतं त्यानं दूध.

ती पण एक मी ओव्हनमध्ये ठेवून बघितली. खाकरा झाला. आईनं विचारलं आता तुझं झालं का सगळं ओव्हनमध्ये घालून, का मला पण घालतोस.

गुरुवारी अकराच्या सुमाराला आत्या आली, आतेभाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं, मामा म्हणजे आत्याचे मालक. आमच्या आण्णांना, म्हणजे वडलांना, दर वर्षी सकाळी लवकर आवरून तिकडं जायची सवय, यंदा जायचंच नाही म्हणल्यावर ते सहापासनं पायजमा-शर्ट घालून हॉलमध्ये पेपर उलटा-सुलटा करत बसलेले. आत्या त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. दारात चप्पल काढतानाच ती आत वास घेत म्हणली, "कढई नाही ना रे ठेवली?" आण्णा म्हणले, "नाही अक्का. पोरानं भट्टी लावली." तिला कळंना.

जेवण साधंच होतं, म्हणजे आमच्या हिशोबानं साधं. गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, शेंगापोळी, कडक भाकरी, शेंगाची चटणी, पालेभाजीचा गरगट्टा, दही, भात-आमटी, काकडीची कोशिंबीर. भजी नाही, कुरडई नाही, पापड गॅसवर भाजलेले. पोरं सोडली तर कुणाला काही कमी वाटल्याचं दिसलं नाही. पोरांना चकली पाहिजे होती, ती आतेभावानं खिशात विकतची आणलेली होती आणि गच्चीवर नेऊन दिली, हे मला संध्याकाळी कळलं.

ओवाळणं जेवणाच्या आधी झालं. आत्यानं आण्णांना ओवाळलं, आण्णांनी पाकीट ताटात ठेवलं. आत्यानं ते उचलून न बघता कमरेला खोचलं, दरवर्षी ती उघडून मोजते आणि सगळ्यांसमोर सांगते एवढेच का बे म्हणून. यंदा नाही. आण्णा उठून आत गेले पाणी प्यायला, आणि बराच वेळ पाणी पीत होते.

चहा चारला. तेव्हा मी डबा बाहेर आणला. पत्र्याचाच डबा घेतला होता मुद्दाम, मधल्या मारुतीजवळच्या भांड्याच्या दुकानातनं, स्टीलचे सोडून पत्र्याचा मागितला तर दुकानदारानं मला दोनदा विचारलं. आत्यापुढं झाकण काढलं. तिनं एक उचलली आणि खाल्ली नाही, उलटी केली, बूड बघितलं, परत सुलटी केली आणि वरच्या गोलावर अंगठा फिरवला.

"कुणी केली?"

"मी."

"तू?" तिनं आईकडं बघितलं, आईनं मान हलवली. मग तिनं नानकटाई बशीतल्या चहात बुडवली, अगदी एवढी, आणि खाल्ली. मी तोंडाकडं बघत बसलो. "वेलदोडा कमी आहे," ती म्हणली, "अव्वा निम्मी मूठ घालायची. तूप बराबर फेसलंस."

मग दुसरी घेतली. मग मामांनी घेतली, मग वहिनींनी, मग डबा फिरला आणि परत आला तेव्हा वरचा थर संपलेला. आत्या म्हणली, "पण कांडी तुला कुठं घावली? ती माझ्याकडं होती." सगळे गप्प झाले, कारण तिच्याकडं होती म्हणजे कुठं होती ते आम्हाला समजलं. देवघराखालच्या कपाटात, अव्वाचं कुंकवाचं करंड आणि ती कांडी एका डब्यात ठेवलेली.

मी म्हणलं, "कांडी नाही आत्या, ती नाही घावली."

"मग गेली ती," आत्या म्हणली, "गेली असंल कुडलच्या संगमावर, तिथनं भीमेत. आजोबांनी मिलमधनं आणली, मी नदीला दिली." तिनं तिसरी नानकटाई उचलली, परत अंगठा फिरवला. "मग हे कशानं केलंस?"

"खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण."

तिनं माझ्याकडं बघितलं, नानकटाईकडं बघितलं. पूर आल्यापासनं महिनाभर तिला खोकला होता, आतेभाऊ दोन वेळा डॉक्टरकडं घेऊन गेला होता.

"तरीच म्हणलं," ती म्हणली, "दुपारपास्नं खोकला कसा आला नाही."